मनकर्णाबाईंची गाळलेली जागा

राधाकृष्ण वाकचौरे हा माणूस स्वभावानं गरीब. कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड म्हटली तर एकच. साहेबापुढं उभं राहिलं की त्यांची जीभ त्यांना न विचारताच सुरू व्हायची, आणि मग ती जे बोलून बसायची ते निस्तरता निस्तरता घरच्यांच्या नाकी नऊ यायचे. बहात्तरच्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात जे रामायण घडलं त्याचं मूळ तरी दुसरं काय होतं?

कोपरगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात वाकचौरे शेतकी खात्यात क्लार्क होते. त्या कारखान्यानं अधिकाऱ्यांच्या पोरांसाठी कॉलनीत इंग्रजी बालवर्ग काढायचं ठरवलं. शिकवायला एक बाई हवी होती. बाईला कॉलनीत क्वार्टर मिळणार होतं आणि क्वार्टरला नळ होता. आता त्या साली नळ म्हणजे काय चीज होती, हे ज्यानं तो दुष्काळ काढला त्यालाच विचारावं. वाकचौरे राहत त्या गावच्या विहिरींनी होळीलाच तळ दाखवला होता आणि बायामाणसं टँकरची वाट बघत उन्हात वाळत होती. शेतकी अधिकाऱ्यांनी सहज म्हणून विचारलं, "काय हो वाकचौरे, तुमच्या गावात आहे का कुणी इंग्रजी येणारी?"

"गावात कशाला साहेब, आमच्या घरातच आहे," वाकचौरे म्हणाले. "आमच्या मंडळींचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे."

हे काही धडधडीत खोटं नव्हतं. वाकचौऱ्यांचं स्वतःचं इंग्रजी 'आय हॅव द ऑनर टू स्टेट'च्या पुढं कधी सरकलंच नव्हतं, तेव्हा त्यांच्यापेक्षा चांगलं असायला काही फार लागत नव्हतं. पण त्यांच्या बायकोचं, म्हणजे मनकर्णाबाईंचं, इंग्रजीशी शेवटचं बोलणं झालं होतं ते मॅट्रिकच्या परीक्षेत, आणि ते बोलणं काही गोडीनं संपलेलं नव्हतं. बाकी सगळ्या विषयांत त्या पास आणि इंग्रजीत नापास.

घरी येऊन वाकचौऱ्यांनी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. आता पातेलं आदळणार अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. पण मनकर्णाबाई हातातलं पीठ तसंच ठेवून खाली बसल्या.

"खरंच घेतील का मला?"

"परीक्षा आहे. फळ्यावर वाक्यं लिहिणार. गाळलेल्या जागा भरायच्या, फुलस्टॉप-कॉमा द्यायचे आणि वाक्य मोठ्यांदा वाचायचं."

"मला मास्तरीणच व्हायचं हुतं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "इंग्रजीनं दगा दिला आन् घरच्यांनी लगीन उरकलं. तुमी मला म्हैनाभर शिकवा. मी करीन."

बारा-तेरा वर्षांच्या संसारात या बाईनं नवऱ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. आतापर्यंत फक्त त्यांची अब्रू टांगणीला लागली होती, आता बायकोचा जीवही लागला.

शिकवणी सुरू झाली. पण नोकरीसाठी आधी अर्ज जायला हवा होता, आणि नातेवाइकाचा अर्ज म्हणून वाकचौऱ्यांची ना-हरकत जोडायची होती. ती ना-हरकत वाकचौऱ्यांनीच टाइप केली, वाकचौऱ्यांनीच आवक-वहीत चढवली, आणि वाकचौऱ्यांनीच साहेबांपुढं ठेवली. साहेबांनी त्यावर 'संबंधित क्लार्कशी चर्चा करावी' असा शेरा मारून ती वाकचौऱ्यांकडंच परत पाठवली. वाकचौऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीत स्वतःशी चर्चा केली आणि कागद पुढं सरकला. आपल्याकडं कामं होत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

घरात मात्र वेगळीच तऱ्हा. वाकचौरे पाटीवर लिहायचे, 'द काऊ गिव्ज अस' आणि पुढं रेघ.

"मिल्क," मनकर्णाबाई म्हणायच्या. "पन औंदा कुठं देती? 'नथिंग' लिवू का?"

"परीक्षेतली गाय दूध देते. तू मिल्कच लिही."

मग 'इन द मॉर्निंग आय' आणि रेघ. इथं मनकर्णाबाई सुटल्या. आय फेच वॉटर, कॉमा, आय स्वीप, कॉमा, आय कुक, कॉमा, आय वॉश, कॉमा. वाकचौरे फुलस्टॉपची वाट बघत बसले. पाटी संपली तरी सकाळ संपेना.

"अगं, फुलस्टॉप कुठंय?"

"जवा बसायला मिळंल तवा दीन की," मनकर्णाबाई म्हणाल्या.

वाकचौऱ्यांनी पाटी पुसली.

अशा गोष्टी गावात लपत नाहीत. शेजारच्या छबूबाई भिंतीवरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "भावजी, यवढं कशाला रगडताय तिला? आमच्या भावानं मॅट्रिकला समद्या मोकळ्या जागंत 'द' भरला. झाला ना पास." आणि पलीकडचे गहिनीनाथ तर रोज संध्याकाळी खुर्ची टाकूनच बसू लागले. गहिनीनाथ नगरच्या लष्करी छावणीत भांडारावर कारकुनी करून निवृत्त झालेले. बंदूक त्यांनी जन्मात हातात धरली नव्हती, पण बोलायचे असे की जणू पलटणच चालवत होते. त्यांचं म्हणणं, विरामचिन्हं ही कवायत आहे. कॉमाला नुसता दम खायचा. फुलस्टॉपला 'हॉल्ट' म्हणून पाय आपटायचा, की जन्मात विसरायचा नाही.

मनकर्णाबाईंनी ते मनावर घेतलं. भाकरी थापता थापता वाक्य म्हणायच्या आणि शेवटी पाय आपटायच्या. राधाकृष्णांची आई, झुंबरबाई, कोपऱ्यात माळ ओढत बसलेली असायची. तिनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी सुनेवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. ठीक म्हणजे काय, चाललं होतं. घोड्यानं पेंड खाल्ली ती एका साध्या वाक्यापाशी. वाकचौऱ्यांनी पाटीवर लिहिलं, 'माय हजबंड्स नेम इज', आणि रेघ.

मनकर्णाबाईंनी वाक्य वाचलं. खडू रेघेपर्यंत नेला आणि थांबल्या.

"स्पेलिंग अवघड आहे, सांगू का?" वाकचौरे म्हणाले.

"स्पेलिंग येतं मला."

"मग लिही की."

मनकर्णाबाई जमिनीकडं बघत राहिल्या. कोपऱ्यातली माळ थांबली. झुंबरबाई म्हणाली, "राधू, काय करायलाय तू? नवऱ्याचं नाव घ्यायला लावतो व्हय रं तिला? नाव घेतलं की आयुक्श तुटतं."

वाकचौऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मनकर्णाबाईंनी लग्नात एकदा उखाण्यात नाव घेतलं असेल तेवढंच. तेही इतकं हळू, की नवरदेवाला ऐकू गेलं नव्हतं. त्यानंतर नाव नाही. नुसतं नावच नाही, त्याच्या आसपासचंही काही नाही. कृष्णाला त्या 'काळा देव' म्हणायच्या. कृष्णा नदीला 'सांगलीकडची ती नदी'. छबूबाईंच्या गाईचं नाव राधा होतं, तिला ह्या 'तांबडी' म्हणायच्या. आणि बाईनं फळ्यापुढं उभं राहून नवऱ्याचं नाव मोठ्यांदा वाचायचं होतं.

"परीक्षेत हे वाक्य येईलच असं कुठंय?" वाकचौरे स्वतःची समजूत घालत म्हणाले.

तेवढ्यात गहिनीनाथ बातमी घेऊन आले. परीक्षा कारखान्याचे नवे मॅनेजिंग डायरेक्टर स्वतः घेणार. मद्रासकडचे आहेत. फार कडक. बाईला आधी नाव, गाव, नवरा, मुलं यांचीच वाक्यं घालतात.

"नाव काय त्यांचं?"

"कृष्णस्वामी."

वाकचौरे खालीच बसले. आता बाईला साहेबाला नमस्कारसुद्धा घालता येणार नव्हता.

मग त्या ओसरीवर जी खलबतं झाली ती काही विचारू नका. छबूबाई म्हणाल्या, घसा बसलाय म्हणून सांगा. गहिनीनाथ म्हणाले, साहेबाला नुसतं 'सर' म्हणायचं, लष्करात जनरललाही तसंच म्हणतात. हे पटण्यासारखं होतं. निम्मं संकट टळलं. उरलेल्या निम्म्यासाठी वाकचौऱ्यांनीच डोकं चालवलं. "तू 'मिस्टर वाकचौरे' म्हण. आडनावच आहे. आडनाव तुझंही आहे, आईचंही आहे."

मनकर्णाबाईंनी सासूकडं पाहिलं. झुंबरबाईनं बराच वेळ विचार केला. "आडनावाला दोष न्हाई," ती म्हणाली. "आडनाव समद्या भावकीचं हाय. तुटायचं तर समद्यांचं थोडं थोडं तुटंल."

भावकीच्या जिवावर प्रश्न सुटला. मनकर्णाबाई घडाघडा म्हणू लागल्या, 'माय हजबंड्स नेम इज मिस्टर वाकचौरे', आणि पाय आपटू लागल्या.

परीक्षेच्या दिवशी वाकचौऱ्यांनी रजा मागितली. ती नामंजूर झाली. वर कृष्णस्वामीसाहेबांचा हुकूम निघाला, की परीक्षा चालू असताना उमेदवाराच्या नातेवाइकानं गेस्ट हाऊसच्या आसपास फिरकू नये, आणि बाहेरून कुणी उत्तर सांगितलं तर उमेदवार तिथल्या तिथं बाद. हुकूम फिरवायला दिला वाकचौऱ्यांकडंच. त्यांनी तो सगळ्या खात्यांत फिरवला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, स्वतःची केली, आणि उसाच्या नोंदीची एक फाईल काखेत मारून सरळ गेस्ट हाऊसच्या मागच्या खिडकीखाली जाऊन बसले.

उन्हानं डोकं तापलं होतं. काखेतली फाईल भिजली होती. आतलं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. मान जरा वर केली की दिसतही होतं. टेबलामागं कृष्णस्वामीसाहेब, शेजारी कारखान्याचे चेअरमन आबासाहेब. आबासाहेबांना इंग्रजी ओ की ठो येत नव्हतं, पण बसले होते ते असे, की सगळं कळतंय आणि काहीच पटत नाही. आधी नाशिकची एक बाई झाली. कॉन्व्हेंटात शिकलेली. तिनं फाडफाड सगळ्या जागा भरल्या, नवऱ्याच्या जागेत नवरा भरला आणि थँक्यू म्हणून बाहेर गेली.

मग मनकर्णाबाई आत आल्या. डोक्यावर पदर घट्ट ओढलेला.

"गुड मॉर्निंग, सर," त्या म्हणाल्या.

पहिला खड्डा पार झाला. साहेबांनी फळ्यावर गाय लिहिली. मनकर्णाबाईंनी तिला दूध द्यायला लावलं आणि पाय आपटला. टेबलावरच्या कपबशा वाजल्या. साहेबांनी चमकून पाहिलं. मग सकाळचं वाक्य आलं. मनकर्णाबाईंनी पाणी आणलं, झाडलं, रांधलं, धुतलं, प्रत्येक कॉमा जागच्या जागी, आणि नवऱ्याला डबा दिल्यावर थांबल्या. साहेबांनी मान हलवली. ती बरी हलली की वाईट, हे खिडकीतून कळायला मार्ग नव्हता.

आणि मग साहेबांनी ते वाक्य लिहिलं.

"माय हजबंड्स नेम इज मिस्टर वाकचौरे," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"ते तर तुमचंही नाव आहे," साहेब इंग्रजीत म्हणाले. "पूर्ण नाव पाहिजे. वाक्य पुरं करा."

मनकर्णाबाईंनी फळ्याकडं तोंड फिरवलं.

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. खडू त्यांच्या हातात तसाच. वाकचौऱ्यांना बायकोची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवरून त्यांना कळलं की ही आता बोलणार नाही. नोकरी गेली तरी, जन्मभर टँकरच्या रांगेत उभं राहावं लागलं तरी ही बोलणार नाही. आपल्या आयुष्यासाठी ही बाई हातातोंडाशी आलेली गोष्ट सोडून देते आहे, हे दिसलं आणि ते रडायच्या बेतात आले.

आबासाहेब हसून म्हणाले, "साहेब, आमच्याकडं बाया मालकाचं नाव घेत न्हाईत."

"घरी घेऊ नये," साहेब मराठीवर येत म्हणाले. "पण उद्या वर्गात पोरानं विचारलं आणि बाईच गप्प राहिल्या, तर पोरानं काय शिकायचं? मला अर्धं वाक्य सोडणारी बाई नको." आणि त्यांनी समोरच्या कागदावरचं नाव खोडायला पेन उचललं.

वाकचौऱ्यांची जीभ साहेबापुढं कशी चालते हे मघाशी सांगितलंच आहे. ती चालली. वाकचौरे खिडकीत ताडकन उभे राहिले आणि ओरडले, "राधाकृष्ण! राधाकृष्ण वाकचौरे, सर!"

साहेब दचकले. आबासाहेबांच्या मांडीवर चहा सांडला.

"हा कोण माणूस? बाहेरून उत्तर सांगतो? उमेदवार बाद."

मनकर्णाबाई वळल्या. महिनाभराची मेहनत, चुलीपुढं पाठ केलेली वाक्यं, छबूबाईंचे सल्ले, गहिनीनाथांची कवायत, सगळं या एका माणसानं मातीत घातलं होतं, आणि तो खिडकीत तोंड वासून उभा होता. त्यांच्या चेहऱ्यावर रक्त चढलं.

"राधाकृष्ण, शट द विंडो," त्या म्हणाल्या, आणि पाय आपटला.

वाकचौऱ्यांना आधी कळलंच नाही की आपल्यालाच म्हणाली. इतक्या वर्षांत त्यांनी आपलं नाव तिच्या आवाजात ऐकलंच नव्हतं. मग त्यांनी गुमान बाहेरून खिडकीची झडप ओढली, आणि ओढली ती नेमकी स्वतःच्या बोटावर. "आई गं" असा आवाज बंद खिडकीमागून आत गेला.

आत काय झालं ते त्यांना आबासाहेबांनीच नंतर सांगितलं. मनकर्णाबाई तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या, पांढऱ्याफटक. साहेबांनी विचारलं, "हे तुमचे मिस्टर?" तेव्हा त्या इतकंच म्हणाल्या, "येस, सर," आणि डोळ्यांतून पाणी. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, बाहेरून उत्तर आलं हे खरं, पण बाईनं ते घेतलं कुठं? तिनं तर सांगणाऱ्यालाच गप्प केलं. चाळीस पोरांचा वर्ग ही बाई एका हाकेत बसवील. आबासाहेब म्हणाले, साहेब, मी पोरांचं सांगत न्हाई, मी सोता खिडकी लावाया उठलो हुतो.

मनकर्णाबाईंना नोकरी मिळाली. वाकचौऱ्यांना मेमो मिळाला. त्याला लेखी उत्तर द्यायचं होतं, पण ज्या हातानं लिहायचं त्याचंच बोट टम्म फुगलं होतं.

घरी जाताना मनकर्णाबाई आनंद करायचा सोडून त्या बोटाकडंच बघत होत्या. "मी घेतलं आन् लगीच झालं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "लई दुखतंय का? छातीत तर काही न्हाई ना हुत?" भर रस्त्यात त्यांनी नवऱ्याचा हात धरला होता. समोरून येणाऱ्या सायकलवाल्यानं वळून पाहिलं तरी सोडला नाही. वाकचौऱ्यांना छातीत खरंच काहीतरी होत होतं. पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

कारखान्यातला कुणीतरी सायकलीवर आधीच गावात पोचला होता. दारात झुंबरबाई उभी. भिंतीवरून छबूबाईंचं डोकं वर आलेलं. मनकर्णाबाई सासूच्या पायाशीच बसल्या.

"मामी, चूक झाली. तोंडातून गेलं. बगा, त्यांचं बोट."

झुंबरबाईनं मुलाचा हात हातात घेतला. बोट उलटंसुलटं करून पाहिलं. दाबलं. वाकचौरे कळवळले. म्हातारी कितीतरी वेळ ते बोट बघत राहिली.

"यवढंच?" ती म्हणाली.

"आई, नख जाईल बहुतेक."

"नाव घेतल्यावर यवढंच हुतं व्हय?" तिनं हात सोडला. आवाज एकदम बारीक झाला. "मी जल्मात घेतलं न्हाई रं राधू. बाजारात चुकामूक झाली, दिसभर हुडकीत फिरले, पन हाक न्हाई मारली. शेवटाला तुजे वडील पान्यासाठी तळमळत हुते, म्हनले, मला हाक मार एकदा. म्या म्हनलं, न्हाई, आयुक्श तुटंल. तसंच गेले."

वडील गेले तेव्हा वाकचौरे पाळण्यात होते. ही गोष्ट त्यांनी आजवर ऐकली नव्हती. मनकर्णाबाईंनी सासूचा हात धरला.

झुंबरबाई उंबऱ्यावर बसली. रिकाम्या रस्त्याकडं बघून तिनं ओठ हलवले. एकदा आवाज आलाच नाही. मग आला, घोगरा.

"सहादेव."

थोडं थांबली. पुन्हा, जरा मोठ्यांदा, हाक मारतात तसं म्हणाली, "सहादेव. ओ सहादेव."

छबूबाईंनी भिंतीवरून विचारलं, "कुनाला हाक मारली वो मावशी? कोन आलंय?"

"आमच्या मालकाला," झुंबरबाई म्हणाली, पदरानं डोळे पुसले आणि मुलाच्या बोटाला हळद लावायला आत गेली.